बाशुंग कसा ऐकायचा, फ्रेंच अर्धंमुर्धं येत असताना

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर माझ्याकडे संध्याकाळी फ्रेंच शिकायला मुलं येतात. मुलं म्हणायचं आपलं, त्यात बासष्ट वर्षांचे एक निवृत्त बँक मॅनेजरही आहेत. परीक्षा दोन महिन्यांवर आली की प्रत्येक बॅचमधून एकच प्रश्न येतो: "मॅडम, लिसनिंगसाठी गाणी कुठली ऐकू?" मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी मोबाइलवर अकॉर्डियन वाजणारं, आयफेल टॉवरचं चित्र लावलेलं काहीतरी सुरू करतं. मग मी फळ्यावर एका फ्रेंच रॉक गायकाचं नाव लिहिते: आलाँ बाशुंग. पुढच्या आठवड्यात अर्धी बॅच तोंड पाडून येते. "मॅडम, काहीच कळलं नाही."

नाहीच कळणार. त्याचं सगळं काही फ्रेंचांनाही कळत नाही. पण ऐकायची एक पद्धत आहे, आणि दर सहा महिन्यांनी तीच पुन्हा बोलून माझा घसा बसतो. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी नाव. 'बॅशंग' नाही, 'बाशुंग'. खरं आडनाव आणखी एका अक्षरानं लांब होतं, रेकॉर्डवर येताना त्यातला 'सी' गळाला. आडनाव जर्मन वळणाचं आहे, कारण ते अल्सासमधून आलं, म्हणजे फ्रान्सच्या जर्मनीला लागून असलेल्या प्रांतातून. जन्म पॅरिसचा, 1 डिसेंबर 1947. आई ब्रेतान्यची, कारखान्यात कामाला. खऱ्या वडिलांची त्याला ओळखच झाली नाही. सावत्र वडील अल्सासचे बेकरीवाले. पोर वर्षाचं असताना त्याला स्ट्रासबूरजवळच्या विंगेर्सहाइम नावाच्या खेड्यात सावत्र वडिलांच्या आईकडे ठेवलं, आणि तिथं तो साधारण अकरा-बारा वर्षांचा होईपर्यंत वाढला. शाळेत फ्रेंच, घरात आजीची अल्सेशियन बोली, रेडिओवर जर्मन गाणी आणि अमेरिकन सैनिकांच्या स्टेशनवरचं रॉक अँड रोल. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं इथूनच सुटतं.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. मी नागपूरची, रसायनशास्त्रात पीएचडी करायला 2006 च्या सप्टेंबरात स्ट्रासबूरला गेले. शहरात खोली परवडेना, म्हणून ब्रुमाथच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी माडीवर राहिले. रोज ट्रेननं शहरात. बाईंचा जन्म 1932 चा. आठ वर्षांच्या असताना अल्सास जर्मनांनी गिळलं आणि त्यांच्या शाळेत फ्रेंचवर बंदी आली. तेरा वर्षांच्या होईपर्यंत फ्रेंच परत आलं, आणि आता भिंतींवर पोस्टर लागली की फ्रेंच बोलणं ऐटीचं आहे. म्हणजे घरची बोली दोन्ही राजवटींत गावंढळच ठरली. या बाई स्वयंपाकघरात रेडिओ लावून कणीक मळायच्या आणि बाशुंग लागला की हात थांबवून म्हणायच्या, "हा आमच्याकडचा." एकदा त्यांनी एक वाक्य टाकलं ते माझ्या कानात राहिलं: हा फ्रेंच बोलतो ना, ते भाड्याच्या घरात राहिल्यासारखं बोलतो. प्रत्येक खोलीचं दार उघडून बघतो.

म्हणून मी तुम्हाला त्याच्याकडे पाठवते. ज्याला ती भाषा घरातून फुकट मिळालेली नाही, असा माणूस शब्दाला हात लावून, उलटा करून, वाजवून बघतो. आपणही तेच करतोय की.

तयारी

हेडफोन लागतील. महागडे नकोत, पण फोनचा स्पीकर चालणार नाही. याचा आवाज खालच्या पट्टीतला आहे, शब्दांची शेपटं तो ओठांतच ठेवतो, ती स्पीकरवर जातात. एक वही घ्या. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जे ऐकू येतं ते देवनागरीत लिहायचं. हो, देवनागरीत. रोमन लिपीत लिहायला गेलात की डोकं लगेच स्पेलिंगच्या मागे धावतं आणि कान बंद होतो. देवनागरी कानाशी प्रामाणिक राहते. उजवी बाजू रिकामी सोडा, ती नंतर गाण्याचे शब्द बघून भरायची.

शब्द आधी बघायचे नाहीत. भाषांतराचं यंत्र तर अजिबातच उघडायचं नाही. त्यानं बाशुंगचा जो चोथा होतो तो बघून माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, "मॅडम, हा आजारी असताना लिहायचा का?"

पहिलं गाणं: दुसऱ्याचं

सुरुवात 'ले मो ब्लो' पासून करा. 'निळे शब्द.' हे मुळात त्याचं नाही, 1974 मध्ये क्रिस्तोफ या गायकानं ते आणलं, शब्द झाँ-मिशेल जारचे. हा तोच जार, जो नंतर सिंथेसायझरच्या अवाढव्य मैफलींसाठी जगभर गाजला. बाशुंगनं ते 1992 मध्ये एड्सवरच्या संशोधनाच्या मदतीसाठी निघालेल्या एका संग्रहात गायलं. आता बरेच लोक ते त्याचंच समजतात.

सुरुवात यानंच का, तर वाक्यं सोपी आहेत. चर्चच्या घड्याळात सहा वाजलेत, एक मुलगी नगरपालिकेच्या इमारतीतून बाहेर पडणार आहे, आणि बघणाऱ्याला तिच्याशी बोलायचा धीर होत नाही. 'बाहेर पडणार आहे' साठी 'व्हा सोर्तीर' येतं. जवळचा भविष्यकाळ, आपण तिसऱ्या धड्यात केलेला. हे ज्याच्या कानाला लागलं त्याचं पहिल्या दिवसाचं काम झालं.

मग क्रिस्तोफचं मूळ गाणं ऐका आणि दोन्ही आवाज शेजारी ठेवा. क्रिस्तोफ उंच, हळवा, जवळजवळ रडवेला. बाशुंग तेच शब्द खाली उतरून म्हणतो, जणू मुलगी कधीच निघून गेली आहे आणि हा रिकाम्या चौकाला सांगतोय. शब्द तेच असल्यामुळे आवाज काय करतो हे तुम्हाला वेगळं काढून बघता येतं. रसायनवाल्यांच्या भाषेत, बाकी सगळं स्थिर ठेवून एकच घटक बदलायचा.

दुसरं: 'ला न्वी ज माँ'

हे 1998 च्या 'फाँतेझी मिलितेर' या अल्बममधलं. व्हिक्त्वार द ला म्युझिक हे फ्रान्समधले संगीताचे मोठे पुरस्कार, त्यांना वीस वर्षं झाली तेव्हा 2005 मध्ये गेल्या वीस वर्षांतला सर्वोत्तम अल्बम म्हणून याच्यावर शिक्का बसला. मी शिक्क्यांना फार भीक घालत नाही, पण इथं परीक्षकांचं चुकलं नाही.

तीनदा ऐका, पण तीन वेगवेगळ्या दिवशी.

पहिल्या दिवशी वही बंद. व्हायोलिनं कुठे शिरतात, आवाज कुठे पुढे येतो, कुठे मागे सरतो एवढंच. दिवे घालवले तर बरं. आम्ही नागपूरकरांनी ग्रेसच्या कविता हृदयनाथांच्या चालीत ऐकल्या, त्या काय अर्थ कळल्यावर आवडल्या होत्या होय? आधी आवडल्या, मग वर्षानुवर्षं अर्थ लागत गेला, काहींचा अजून लागतोय. तोच कान इथं लावा.

दुसऱ्या दिवशी वही. डावी बाजू भरा. एका मुलानं नावच लिहून आणलं होतं, 'ला न्वी ज माँ', आणि खाली अर्थ: 'रात्री, मी, आई?' वर्ग हसला. पण त्याचा कान शंभर टक्के बरोबर होता. ते 'माँ' म्हणजे 'मी खोटं बोलतो'. रात्री मी खोटं बोलतो. आणि तोच ध्वनी थोड्याच वेळात परत येतो, 'ज माँ लाव्ह ले में', तिथं त्याचा खोटं बोलण्याशी संबंध नाही: मी यातून हात धुऊन मोकळा. कान दोन्ही वेळा 'ज माँ' ऐकतो. खोटं बोललो आणि हात झटकले, या दोन गोष्टी त्यानं एकाच आवाजात गुंडाळल्या आहेत. यंत्रानं केलेल्या भाषांतरात हे कुठून दिसणार?

तिसऱ्या दिवशी शब्द उघडा. आता थोडा इतिहास लागेल. ग्रेनोब्लजवळ व्हेर्कोर नावाचं डोंगरी पठार आहे. 1944 मध्ये तिथं जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढवय्यांचा मोठा तळ होता आणि त्यांची भीषण कत्तल झाली. युद्धानंतर फ्रान्समध्ये 'मी प्रतिकारात होतो' असं सांगणारे इतके निघाले की प्रत्यक्ष लढणाऱ्यांनी कपाळाला हात लावला असेल. या गाण्यातला माणूस म्हणतो, मला व्हेर्कोरमध्ये पाहिलं होतं लोकांनी. काय करताना? रबरी दोर बांधून उंचावरून उड्या मारताना! बाईवर छाप पाडायला थापा मारणारा प्रियकर आणि इतिहासाबद्दल थापा मारणारा देश, दोघं एकाच ओळीत लटकलेत.

तिथंच पुढे 'जे फे लामूर, जे फे ल मोर'. शब्दाला शब्द: प्रेम केलं, मेल्याचं सोंग केलं. शेवटच्या 'मूर' आणि 'मोर' यांत एका स्वराचा फरक. भूमिगत माणूस वाचण्यासाठी मेल्याचं सोंग करतो, प्रियकरही करतो, आणि क्रियापद दोघांनाही एकच, 'फेर', करणे. हे मराठीत कसं आणणार, असा प्रश्न मी दर बॅचला टाकते. त्याचं एक उत्तर मिळालं आहे, ते पुढे सांगते.

आता मागे जा, 1980

पहिली रेकॉर्ड 1966 ची, 'पूर्क्वा रेव्हे-व्हू देझेताझ्युनी', म्हणजे तुम्ही अमेरिकेची स्वप्नं का बघता. तेव्हा तो अठरा वर्षांचा. त्याआधी हिशेबनिशीचं शिक्षण अर्धवट सोडलेलं. पुढची चौदा वर्षं काहीही चाललं नाही. दुसऱ्यांसाठी चाली केल्या, डिक रिव्हर्स या रॉक गायकाबरोबर काम केलं, 1973 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या रॉक ऑपेरात रोबेस्पिएर झाला. 1977 चा 'रोमाँ-फोतो' पडला. 1979 चा 'रूलेत र्युस' ही आधी फारसा हलला नाही. मग 1980 मध्ये 'गाबी ओ गाबी' ही सिंगल आली, दहा लाखांहून जास्त खपली, आणि 'रूलेत र्युस' घाईघाईनं ते गाणं आत घालून पुन्हा बाजारात आणावा लागला.

'गाबी' ऐकताना फक्त अक्षरं कुठे गळतात ते पकडा. 'ज प पा' या तीन अक्षरांऐवजी 'श्प पा' असं काहीतरी कानावर येतं. पुस्तकात नकारासाठी दोन शब्द शिकवतात, 'न' आणि 'पा'. रस्त्यावर 'न' मेलेला आहे. परीक्षेच्या लिसनिंगमध्ये मुलं इथंच आपटतात, कारण पुस्तकी फ्रेंच ऐकून त्यांना 'न' ची वाट बघायची सवय लागलेली असते. गाबीची दहा पारायणं करा, वाट बघणं बंद होईल.

अर्थ शोधू नका. शब्द बोरिस बेर्गमानचे. त्यानं 1968 मध्ये ग्रीक बँड ॲफ्रोडाइट्स चाइल्डसाठी 'रेन अँड टिअर्स' लिहिलं होतं, आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांना ते आठवेल. बेर्गमान कोट्यांवर कोट्या रचतो, एकीचा दुसरीशी संबंध असेलच असं नाही. रात्री झोप न येणारा माणूस बडबडतोय, एवढं धरलं की पुरे. त्याच जोडीचं पुढच्या वर्षीचं 'व्हेर्तीज द लामूर', 'पिझ्झा' अल्बममधलं, तेही लगेच ऐकून घ्या. रॉकबिलीची ती उचकी, पन्नाशीच्या दशकातल्या अमेरिकेतून आलेली, त्याच्या गळ्यात अगदी घरच्यासारखी बसली आहे.

हे सध्या वगळा

1982 चा 'प्ले ब्लेस्यूर'. दोन हिट गाण्यांनंतर कुणीही तिसरं तसंच केलं असतं. यानं सर्ज गेन्सबूर या नावाजलेल्या गीतकार-गायकाला शब्द लिहायला बसवलं आणि काळाकुट्ट, थंडगार, तुटक अल्बम काढला. लोकांनी पाठ फिरवली. आता त्याला पंथच आहे, आणि तुम्हीही तिसऱ्या महिन्यात तिथं जाल. आत्ता फक्त नाव बघा. 'प्ले' इंग्रजी वाटतं ना? फ्रेंच कानाला ते 'प्ले' म्हणजे जखम असंच ऐकू येतं. 'ब्लेस्यूर' म्हणजेही जखमा. मुखपृष्ठावरच जखमेवर जखम.

नावांची ही चैन त्याला आयुष्यभर लागली. 1994 चा 'शातेर्तोन' घ्या. इंग्रजी शिकलेले लोक म्हणतात, अठराव्या शतकातला सतराव्या वर्षी गेलेला तो कवी. बरोबर. पण फ्रान्समध्ये कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात शातेर्तोन मागा, इलेक्ट्रिशियन वायरला गुंडाळतो ती काळी चिकटपट्टी मिळेल. माझ्या घरमालकीणबाईंच्या ड्रॉवरमध्ये होती, रेडिओची वायर त्या पट्टीनंच बांधलेली. त्याच अल्बममधलं 'ज पास पूर युन काराव्हान': मला लोक कारवान समजतात. कुत्री भुंकतात, कारवान पुढे जातो, ही फ्रेंच म्हण त्यात दडलेली. आपला हत्ती चालतो तसाच तिथं कारवान. आणि 'मा पतीत आँत्रप्रीझ', माझा छोटासा धंदा, ज्याला मंदी ठाऊक नाही. त्याचा धंदा कसला आहे हे गाणं ऐकून तुम्हीच ठरवा, वर्गात मी सांगत नाही. ती ओळ मात्र फ्रेंच वर्तमानपत्रांच्या व्यापारपानांवर मथळा म्हणून इतकी चिकटली की गाणं न ऐकलेलेही ती वापरतात.

'ओझे जोझेफीन' आणि अहो-जाहो

1991 चा अल्बम, अमेरिकेतल्या मेम्फिसला जाऊन रेकॉर्ड केलेला. सनी लँड्रेथची स्लाइड गिटार ऐका, तारेवरून काच सरकवून काढलेला तो घसरता सूर. मोंदिनो या दिग्दर्शकानं केलेल्या व्हिडिओत सर्कशीच्या रिंगणात घोडा गोल गोल धावतो आणि मधे बाशुंग गिटार घेऊन. लहानपणी विंगेर्सहाइममध्ये ऐकलेली अमेरिका तो आता जाऊन घेऊन आला, असं मला वाटतं. अल्बममध्ये बडी हॉलीचं आणि डिलनचं गाणंही त्यानं इंग्रजीतच गायलंय.

मराठी माणसासाठी इथं एक मेजवानी आहे. इंग्रजीत सगळेच 'यू'. फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही. 'ओझे' हे 'तुम्ही' चं आज्ञार्थी रूप. म्हणजे 'हिंमत कर जोझेफीन' नाही. 'हिंमत करा, जोझेफीन.' एवढ्या जवळच्या गोष्टीचा आग्रह, आणि तोही अहो-जाहो करून! याच अल्बममध्ये 'मादाम रेव्ह' आहे, पिएर ग्रिये यानं लिहिलेलं. 'बाईसाहेब स्वप्नं बघताहेत.' गाणं पुरेसं धीट आहे, पण सबंध वेळ त्या बाईसाहेबच राहतात. इंग्रजीतून ऐकणाऱ्याला ही गंमत समजावून सांगावी लागते, आपल्याला ती आईच्या दुधातून मिळालेली. माझ्या बँक मॅनेजरसाहेबांना हे गाणं सर्वांत आधी कळलं. का ते त्यांनी सांगितलं नाही.

गाणी कोणाची? वहीच्या मागच्या पानावर

'गायक आणि गीतकार' म्हटलं की आपण समजतो सगळं एकट्यानंच लिहिलं. बाशुंगचं तसं नाही, आणि यावरून त्याला कमी लेखणारे भेटतील. मागच्या पानावर चार रकाने करा: बेर्गमान, गेन्सबूर, झाँ फोक ('ला न्वी ज माँ' चे शब्द याच्यासोबतचे), आणि शेवटी 'ब्लो पेत्रोल' या शेवटच्या काळातल्या अल्बमची मंडळी. ऐकलेलं प्रत्येक गाणं त्या त्या रकान्यात टाका. माणसं बदलली तरी वाक्याची ठेवण ओळखीची राहते, कारण तो त्यांच्यासोबत बसून लिहायचा, कापायचा, जोडायचा.

फोकबरोबरची पद्धत सगळ्यांत नामी. दोघं शब्दांची टेबल-टेनिस खेळायचे. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं ती वळवून परत मारायची. पानंच्या पानं जमायची, मग त्यातून तुकडे उचलून गाणं जुळवायचं. चाल आधी आणि शब्द मागून असंही बंधन नाही. कधी गायलेला आवाज तसाच ठेवून खालचं संगीतच काढून दुसरं घालायचं.

हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून गृहपाठ. आठ दिवस खिशात चिठ्ठ्या ठेवा. पीएमटीत, भाजीवाल्याकडे, ऑफिसच्या मेलमध्ये, लग्नाच्या पंगतीत जे वाक्य दोन अर्थांनी ऐकू येईल ते लिहा. मराठीतच. नवव्या दिवशी मित्राबरोबर बसा, एकेक चिठ्ठी टाका, समोरच्यानं त्याला लागून दुसरी टाकायची. स्पष्टीकरण द्यायचं नाही. चाळीस ओळी होतील, त्यातल्या पस्तीस फेका. बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा श्लेषाचा शालेय निबंध येतो. एका मुलीनं मात्र चुलतबहिणीच्या लग्नाहून आल्यावर एक चिठ्ठी टाकली: 'हार घातला, हार मानली.' शब्द तोच, लिंग बदललं आणि फुलांचा पराभव झाला. 'फे लामूर, फे ल मोर' चं मला अजून याहून जवळचं मराठी मिळालेलं नाही. तिला मी त्या दिवशी फी माफ केली. एका महिन्याची, कायमची नव्हे.

शेवटाकडे

2002 चा 'लँप्रुदाँस' हा रात्रीच आणि एकट्यानं ऐकायचा. त्यात तो गाण्यापेक्षा बोलतोच जास्त, आणि वाद्यं अंधारात फर्निचरसारखी अचानक पायाला लागतात. मला तो पटायला चार वर्षं लागली. ज्यांना नाही पटत त्यांच्याशी मी वाद घालत नाही. गॅसवर वरण ठेवून लावू नका, एवढं अनुभवाने सांगते.

2008 चा 'ब्लो पेत्रोल' मात्र सगळ्यांसाठी. इथं शब्द आणि चाली बऱ्याच दुसऱ्यांच्या, मुख्यतः गाएताँ रूसेल आणि जेरार माँसेच्या. गिटारी उघड्या, वाक्यं सरळ. 'रेझिदाँ द ला रेपुब्लिक' लावा आणि पहिल्या शब्दापुढे एक 'प' लावून बघा: 'प्रेझिदाँ'. राष्ट्राध्यक्षातलं एक अक्षर गेलं की उरतो तो प्रजासत्ताकातला रहिवासी. तेव्हा माझ्या पर्समध्ये परदेशी माणसाला मिळतं ते राहण्याचं कार्ड होतं. तो शब्द मी रोज जवळ बाळगत होते, म्हणून गाण्याचं नाव ऐकताच मोठ्यानं हसले. बाईंना वाटलं मला फ्रेंच यायला लागलं.

'कॉम अँ लेगो' माँसेचं, आठ मिनिटांहून लांब. ते एका बैठकीत ऐका. माणसं उंचावरून दिसतात, लेगोच्या ठोकळ्यांसारखी. बाशुंगला तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग झाला होता, उपचार चालू होते आणि तरी तो दौऱ्यावर होता. श्वास कुठे घेतो त्याकडे लक्ष द्या. मी लक्ष दिलं आणि मग त्या गाण्यात व्याकरण शोधायचं सोडून दिलं.

28 फेब्रुवारी 2009 ला, शनिवारी, व्हिक्त्वारचा सोहळा टीव्हीवर होता. बाईंनी मला खाली बोलावलं. टेबलावर कुगेलहोफ, म्हणजे अल्सासचा केक, आदल्या दिवशीचा, कारण तो शिळाच चांगला लागतो असं त्यांचं मत. काळी टोपी, काळा चष्मा, कोटात हरवलेला माणूस. तीन पुरस्कार घेतले आणि गायला. बाई टीव्हीशी अल्सेशियनमध्ये काहीतरी बोलल्या. मी अर्थ विचारला तर म्हणाल्या, "ते तुला नाही, त्याला सांगितलं." बरोबर चौदा दिवसांनी, 14 मार्चला, तो गेला. एकसष्ट वर्षांचा होता. पॅरिसच्या पेर-लाशेझ दफनभूमीत आहे.

त्याच्या मागे काय राहिलं ते ऐकायचं असेल तर 2011 चा 'तेल आलाँ बाशुंग' हा आदरांजलीचा संग्रह काढा: व्हानेसा पारादी, बेंजामिन बियोले, मिओसेक, केरेन आन अशा पुढच्यांनी त्याची गाणी गायलीत. वहीचा उपयोग इथंही होतो. मूळ गाणं डावीकडे, यांचं उजवीकडे, आणि कुणी कुठल्या शब्दावर जोर दिला ते खुणेनं दाखवा. बहुतेकजण त्याचा खालचा सूर उचलायला जातात आणि फसतात. जे स्वतःच्या आवाजात गायलेत ते तरलेत. 2018 मध्ये 'आँ नामाँ' नावानं त्याच्या उरलेल्या आवाजांचा अल्बमही आला, एदित फाँबुएनानं बांधलेला. ती 'फाँतेझी मिलितेर' च्या वेळीही त्याच्यासोबत होती. हा अगदी शेवटी ऐका, बाकी सगळं संपल्यावर.

माझ्याकडे 'ब्लो पेत्रोल' ची सीडी आहे, 2009 च्या मार्चमध्ये स्ट्रासबूरला घेतलेली. डबीचं बिजागर तुटलंय, ते मी काळ्या चिकटपट्टीनंच बांधलंय. कुणाला हवी असेल तर गुरुवारी क्लासनंतर घेऊन जा. वहीची डावी बाजू दाखवल्याशिवाय मिळणार नाही, आणि गेल्या बॅचमधल्या ज्यानं 'फाँतेझी मिलितेर' नेली आहे त्यानं ती आधी परत आणून द्यावी.